हलव्याचा मुकुट
संक्रांत जवळ आली की काशीमीरा नाक्याजवळच्या आमच्या घरात हलव्याच्या दागिन्यांचा कारखाना उघडतो. खाली महामार्गावर ट्रकांची घरघर, वर जमिनीवर जुने पेपर, पुठ्ठा, सोनेरी कागद, सुईदोरा आणि हलव्याची पिशवी. धाकट्या नातीचं पहिलं बोरन्हाण, त्यामुळे तिचा पाच वर्षांचा दादा मुख्य कारागीर. हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थोडा थोडा पाक चढवत आणलेला काटा. सुई खुपसली की फुटतो. म्हणून एकेका दाण्याला दोऱ्याचा फास घालायचा. हे चिमुकल्या बोटांचं काम नव्हे. त्याला मुकुट दिला, डिंक दिला. दहा दाणे चिकटवले, चार खाल्ले! झबलं माझ्या जुन्या काळ्या साडीचं. एरवी सणाला नको असलेला काळा रंग थंडीत ऊब धरतो म्हणून संक्रांतीला चालतो, असं मी सांगितलं. ‘पण आजी, थंडी कुठंय?’ पंखा चालूच होता. बाजारात तयार संच मिळतात, सुबकही असतात. आमचा मुकुट मात्र एका कानावर कललेला. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतले, तर बाईसाहेबांनी आधी मुकुटच ओढून तोंडात घातला.