दोन दिवसांचे अंतर

पाश्चात्त्य रॉक संगीत हा या सदराचा नेहमीचा प्रांत नव्हे, हे आम्ही जाणून आहो. परंतु परवा आमच्या पुतण्याने एक तबकडी आमच्या हाती ठेवली आणि वर अट घातली, ‘काका, गायकाविषयी एक अक्षरही न वाचता ही ऐका.’ ती अट आम्हांस पाळता आली नाही. कारण ती पाळता येण्याजोगा काळ अवघा दोन दिवसांचा होता आणि तो केव्हाच सरला आहे.

डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाची ‘ब्लॅकस्टार’ ही ध्वनिमुद्रिका ८ जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे त्याच्या ६९ व्या वाढदिवशी प्रसिद्ध झाली. १० जानेवारीस न्यूयॉर्क येथे तो कर्करोगाने निवर्तला. दीड वर्ष चाललेल्या या आजाराची वार्ता त्याने निकटच्या मोजक्या माणसांपलीकडे जाऊ दिली नव्हती.

आता गंमत पाहा. मासिके-वृत्तपत्रांतील बरीचशी परीक्षणे त्याच्या हयातीतच लिहून झाली होती. २००४ साली दौऱ्यावर असताना हृदयविकाराने गाठल्यावर हा गायक जवळजवळ मुका झाला होता. २०१३ मध्ये ‘द नेक्स्ट डे’ घेऊन तो अकस्मात परतला, तेव्हा स्वागत झाले ते मुख्यत्वे पुनरागमनाचे. ‘ब्लॅकस्टार’ने मात्र समीक्षकांना खरोखर विचारात पाडले. आपले नेहमीचे साथीदार बाजूस सारून त्याने डॉनी मॅककॅस्लिन या सॅक्सोफोनवादकाचा जॅझ वादकांचा ताफा घेतला होता. शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे; मध्येच चाल, लय, सारे बदलून टाकणारे. याला रॉक म्हणावे काय, असाही प्रश्न निघाला. शब्द दुर्बोध आहेत, असे म्हणून काहींनी ते कोडे तसेच सोडून दिले. पण साठी उलटलेला माणूस स्वतःचीच नक्कल करण्याचे नाकारतो आहे, याचे कौतुक बहुतेकांनी केले. आमच्या मते हा निवाडा कानांनी दिलेला होता, आणि म्हणून मोलाचा होता.

निधनाची वार्ता आली आणि सुरावटीतील एकही स्वर न बदलता सारी ध्वनिमुद्रिका बदलली. कोडे सुटले, असे जो तो म्हणू लागला. ‘लॅझरस’ हे गीताचे नाव बायबलातील मृत्यूतून उठलेल्या पुरुषाचे; चित्रफितीत गायक डोळ्यांवर पट्टी बांधून खाटेवर पडलेला! निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानेही ही निरोपाची भेट असल्याचे लिहिले. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात, जेथे त्याचा जन्म झाला, तेथील त्याच्या भित्तिचित्रापाशी फुलांचे ढीग पडले. त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत प्रथमच खपाच्या अग्रस्थानी गेली. २०१७ मध्ये तिला पाच ग्रॅमी पारितोषिके लाभली, पण वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेसाठी तिचे नामांकनही झाले नव्हते! चाहत्यांनी तर वेष्टन उन्हात धरले, तेव्हा काळ्या ताऱ्याच्या जागी नक्षत्रे उमटली, आणि तेही एक चिन्ह ठरले.

या भक्तीला आम्ही हसत नाही. देवासच्या कुमार गंधर्वांचे गाणे ऐकताना त्यांच्या फुप्फुसाच्या आजाराची आठवण काढल्याशिवाय ज्यांना राहवत नसे, असे रसिक आपल्याही घरांत होतेच, आम्हीही त्यांतलेच.

तथापि दोन गोष्टी नमूद करणे अगत्याचे वाटते. चित्रफितीचा दिग्दर्शक योहान रेंक याने पुढे सांगितले की, खाटेची कल्पना बायबलातील कथेवरून सुचली, आजारावरून नव्हे. उपचार थांबवावयाचे असे बोवीस कळले, ते चित्रीकरण चालू असतानाच्या आठवड्यात. आणि व्हिस्कॉन्टीच्याच सांगण्यानुसार, मृत्यूच्या साधारण आठवडाभर आधी बोवीने आणखी एक ध्वनिमुद्रिका करण्याचा मनोदय त्याला कळविला होता. नव्या पाच गाण्यांचे कच्चे मुद्रणही झाले होते. जिला सर्वांनी मृत्युपत्र मानले, तिचा कर्ता पुढच्या कामाच्या तयारीत होता! निरोपाची जाणीव त्यास नव्हती असे नव्हे. पण निरोप घेणे हे एवढेच काम त्याच्यापाशी उरले होते, असेही दिसत नाही.

हे सारे ठाऊक झाल्यावर आम्ही तबकडी पुन्हा लावली. अखेरच्या गीतात माउथ ऑर्गनचा एक तुकडा येतो. तो १९७७ च्या ‘लो’ या ध्वनिमुद्रिकेतील एका वाद्यरचनेची आठवण करून देणारा आहे, असे जुने चाहते सांगतात. त्या रचनेच्या नावाचा अर्थ नव्या गावी नवा उद्योग असा काहीसा होतो. ती जुनी तबकडी घेऊन पुतण्या येत्या रविवारी येणार आहे. तिच्याविषयी मात्र आम्ही अद्याप काहीही वाचलेले नाही.