गाजलेली गाणी आणि ढोलकीवाल्याचा हिस्सा

गाजलेल्या गाण्यांचे संकलन काढणे हा कंपन्यांचा सर्वांत सोपा धंदा. नवे गाणे लिहून घ्यायचे नाही, स्टुडिओचे भाडे भरायचे नाही, वादकांना बोलवायचे नाही. जुनी दहा-बारा गाणी एकत्र करायची, वर नवे वेष्टन चढवायचे आणि पुन्हा बाजारात आणायची! म्हणून संगीतातले जाणकार म्हणविणारे अशा संकलनाला नाक मुरडतात. आमचे मत वेगळे आहे. संकलनाला मोल असते, मात्र ते दोन ठिकाणी तपासावे लागते. ऐकणाऱ्याच्या हाती काय आले, हा पहिला प्रश्न. ज्यांच्या घामावर ते संकलन उभे राहिले, त्यांच्या पदरात काय पडले, हा दुसरा. पहिल्यावर पुष्कळ लिहिले जाते, दुसऱ्यावर क्वचितच. इंग्लंडमधील 'द स्मिथ्स' या बँडची हकिगत दोन्ही प्रश्नांची उत्तरे देते, म्हणून ती चळवळीच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे जुने शहर. तेथे १९८२ मध्ये हा बँड उभा राहिला. मॉरिसी गीते लिहीत आणि गात, जॉनी मार चाली बांधीत आणि गिटार वाजवीत, अँडी रूर्क बेस गिटारवर आणि माइक जॉइस ड्रमवर. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या स्थलांतरितांच्या घरांतली ही मुले. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र कंपनीकडून त्यांची गाणी निघाली. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र, हा शब्द तिकडे याच अर्थाने रूढ झाला. १९८४ ते १९८७ या काळात त्यांचे चार अल्बम आले आणि १९८७ मध्येच बँड फुटला.

या बँडचे पहिले संकलन नोव्हेंबर १९८४ मध्ये आले, 'हॅटफुल ऑफ हॉलो'. सुटी निघालेली गाणी आणि बीबीसी रेडिओसाठी केलेली ध्वनिमुद्रणे त्यात एकत्र केली होती. वेष्टनावर छापले होते की ३.९९ पौंडांपेक्षा जास्त पैसे देऊ नका! ज्या गरीब पोराला प्रत्येक सुटी तबकडी घेणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी हे दार उघडले. 'हाऊ सून इज नाऊ?' हे त्यांचे आज सर्वांत प्रसिद्ध गाणे आधी एका तबकडीच्या मागच्या बाजूला पडून होते. या संकलनाने ते अनेकांपर्यंत पोचविले. मागच्या बाजूला टाकलेल्याला पुढे आणणे, हे संकलनाचे खरे काम आहे. मागे टाकलेल्यांचे दुःख आम्हाला कोणी शिकवायला नको.

पुढची पायरी मात्र वेगळी आहे. बँड फुटल्यानंतर ध्वनिमुद्रणांचे हक्क बलाढ्य वॉर्नर समूहाकडे गेले. १९९२ मध्ये त्यांनी गाजलेल्या गाण्यांची दोन संकलने काढली. त्यातले पहिले ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी की याच बँडने १९८७ च्या शेवटच्या अल्बममध्ये, मेलेल्या कलावंताची गाणी पुन्हा पुन्हा वेष्टन बदलून विकणाऱ्या कंपन्यांवर एक जळजळीत गाणे केले होते. पाच वर्षांत तोच प्रकार त्यांच्या वाट्याला आला. नवे श्रम शून्य आणि उत्पन्न जुन्या श्रमाचे. मग ते उत्पन्न कोणाचे?

बँडचे जे उत्पन्न येई, त्यातले प्रत्येकी ४० टक्के मॉरिसी आणि मार घेत. उरलेल्या दोघांना प्रत्येकी १० टक्के. रूर्क आणि जॉइस यांनी दाद मागितली. रूर्क पैशाच्या तंगीत होते. त्यांनी १९८९ मध्ये ८३ हजार पौंड एकरकमी आणि पुढे १० टक्के, या बोलीवर तडजोड केली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. जॉइस मात्र हटले नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की चौघे भागीदार होते आणि ध्वनिमुद्रण व कार्यक्रमांच्या नफ्यात जॉइस यांचा हिस्सा चौथा, म्हणजे २५ टक्के. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

या निकालाचे मर्म नीट समजून घ्या. गीतकार म्हणून मॉरिसी यांचा आणि संगीतकार म्हणून मार यांचा जो वेगळा हक्क आहे, त्याला न्यायालयाने हात लावला नाही. ड्रम वाजविणारा गाण्याचा कवी होत नाही. पण भागीदारीत कमी-जास्त वाटणी ठरल्याचे सिद्ध झाले नाही, तर सर्वांचा हिस्सा समान, हे तत्त्व इंग्लंडच्या १८९० च्या भागीदारी कायद्यात आहे. हिशेबाचे कागद जॉइस यांच्याकडे गेले होते आणि ते गप्प राहिले, म्हणून त्यांना वाटणी मान्य होती, हा बचावही टिकला नाही. न समजलेल्या कागदापुढे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे! आमच्या समाजाने हे वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

कोणी म्हणेल, ड्रमवाला बदलता येतो, गायक बदलता येत नाही. पण लोकांनी विकत घेतलेल्या तबकडीत ठोका कोणाचा आहे? तो काढून टाका आणि मग विकून दाखवा. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या प्रबंधात सांगून ठेवले आहे की जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. लेखणी वर, कातडे खाली, ही उतरंड आपल्याकडे संगीतातही आहे. हलगी, ढोलकी वाजविणारा हात सगळ्यांना हवा असतो, पण पोस्टरवर त्याचे नाव नसते आणि हिशेबात तर नसतेच.

आमच्याकडे एक वृद्ध ढोलकीवादक आले होते. पूर्वी एका कंपनीसाठी त्यांनी भीमगीतांच्या कॅसेटवर वाजविले होते. तीच गाणी पुढे 'निवडक' म्हणून सीडीवर आली, मग पेनड्राइव्हवर, आता मोबाइलवर. त्यांच्याजवळ एका पावतीची झेरॉक्स होती. रोख मिळाले, तक्रार नाही, खाली अंगठा. त्या पावतीत गाण्यांची नावे नव्हती, मुदत नव्हती, पुढच्या विक्रीबद्दल अवाक्षर नव्हते. आम्ही ती उलटसुलट करून पाहिली. इतक्या वर्षांनी साक्षीदार कोठून आणणार? काळा कोट अंगावर असूनही त्या दिवशी आम्हाला मान खाली घालावी लागली.

कायदा नाही असे नाही. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम १३ तेच सांगते की वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफा समान. गायनपार्टी खरोखर भागीदारीत चालत असेल तर ते तिलाही लागू आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी हवा, सहीचा हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, आणि गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा नियम धरला, तर त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे.

आमच्यातलेच काही म्हणतात, चळवळीची गाणी समाजाची, त्यात पैशाचा हिशेब कशाला? मान्य. मग ती विकून कोणीच कमवू नये! विकणाऱ्याने बंगला बांधायचा आणि वाजविणाऱ्याने मिशन म्हणून उपाशी राहायचे, हा कोणता आंबेडकरवाद?

म्हणून येत्या १४ एप्रिलला जयंती मंडळांनी आणि गायनपार्ट्यांनी एक काम करावे. कार्यक्रमाआधी साध्या कागदावर प्रत्येकाचे नाव, वाद्य आणि हिस्सा लिहावा, तो मोठ्याने वाचावा आणि सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ध्वनिमुद्रण होणार असेल तर कोणती गाणी, किती वर्षे, किती टक्के, हे लिहिल्याशिवाय माइकपुढे बसू नये. वस्तीतल्या वकिलांनी हे कागद विनामूल्य तपासून द्यावेत, आम्हीही देऊ. आणि स्टॉलवर निवडक भीमगीतांचा संच हाती घेतला की आधी तो उलटा करून पाहावा. मागे ढोलकीवाल्याचे नाव आहे काय? नसेल तर विक्रेत्याला विचारा. हिस्सा मिळण्याची सुरुवात नाव छापण्यापासून होते.

जयभीम!