ताटात हात धुवायला लावू नका

जालनेकरांनो, आणि भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंतच्या आठही तालुक्यांतल्या मंडळींनो,

जेवलेल्या ताटात हात धुऊ नये, हे आजीनं आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं. तरी गेली एकोणीस वर्षं मी लग्नाकार्यात ताटातच हात धुतो. शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून पडलो, मणका गेला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहे. पंगत उठली की सगळे बेसिनकडे निघतात आणि कुणीतरी मायेनं तांब्या घेऊन माझ्याकडे येतं. "तुम्ही कशाला तिकडं येता, इथंच धुवा की." नाही म्हणता येत नाही. तिकडे जाऊन उपयोग नाही हे त्याला माहीत असतं, मलाही. शेजारचे पाहुणे तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतात.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील. त्याआधी जिल्ह्यातली मंगल कार्यालयं आणि लॉन्स रंगरंगोटीला निघतात. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की लोक घराचं कामही त्याच सुमारास काढतात. भिंत उघडी असताना जे फुकटात होतं, त्यालाच गिलावा आणि टाइल्स लागल्यावर फोडाफोडीचे पैसे पडतात. म्हणून आत्ताच लिहितोय.

कार्यालयातली हात धुवायची जागा डोळ्यांसमोर आणा. पाणी पसरू नये म्हणून भिंतीलगत सहा इंचांचा कट्टा. कट्ट्यावर विटांचं बांधकाम, त्यावर काळा ग्रॅनाइट, आणि हल्लीच्या फॅशनप्रमाणे ग्रॅनाइटवर वाडग्यासारखं ठेवलेलं टेबलटॉप बेसिन. खाली प्लायवूडचं दार, आत झाडू आणि फिनेल. समोरून नाली जाते, तिच्यावर लोखंडी जाळी. आता यात माझी खुर्ची आणा. पुढची लहान चाकं आधी जाळीच्या फटीत अडकतात. तिथून सुटली तर कट्ट्याला थटतात. कट्टा नसलाच तर गुडघे प्लायवूडच्या दारावर आपटतात आणि तोटी हाताच्या पुढे वीतभर राहते. मग खुर्ची भिंतीला आडवी लावायची आणि कुशीवर वाकून एक हात तोटीखाली न्यायचा. पण हात धुवायला दोन हात लागतात.

माझं मागणं एवढंच आहे. रांगेत आठ बेसिनं असतील तर त्यातलं एक, रांगेच्या अलीकडच्या टोकाचं, कट्टा न करता खाली घ्या आणि त्याच्या पोटाखाली काहीही बांधू नका. विटा वाचतील, ग्रॅनाइट वाचेल, प्लायवूड वाचेल. जाळीचे गज येणाऱ्या वाटेला आडवे बसवा आणि मधली फट करंगळीएवढीच ठेवा. त्या बेसिनवर खुर्चीचं चित्र काढून कुलूप मात्र लावू नका. लहान लेकरं तिथं धुतील, गुडघे धरलेल्या आजीबाई प्लास्टिकची खुर्ची ओढून तिथं बसतील. धुवू द्या. मी माझ्या नंबराची वाट पाहीन, तेवढी सवय आहे.

घराचं गणित थोडं वेगळं आहे. माझ्या घरचं बेसिन मी तीनदा बसवून घेतलंय, म्हणून ही मापं मला पाठ आहेत.

पहिल्यांदा दुकानदारानं पेडेस्टलचं दिलं, खाली चिनी मातीचा खांब असलेलं. दिसायला झकास, पण पाय नेमके जिथं जायला हवेत तिथंच तो खांब. दुसऱ्यांदा मी मिस्तरीला ३१ इंच उंची सांगितली. त्यानं ती कच्च्या जमिनीपासून धरली. नंतर खाली कोबा आणि वर फरशी येऊन अडीच इंच गेले, आणि माझ्या मांड्या बेसिनच्या कडेखाली शिरेनात. मिस्तरीला बोल लावून काय उपयोग, 'फरशी बसल्यावर' हे दोन शब्द माझ्याच तोंडून राहिले होते. तिसऱ्यांदा उंची बरोबर आली, पण बेसिनच्या पोटाखाली मधोमध बॉटल ट्रॅप लोंबत होता आणि लोखंडी ब्रॅकेटची धार पुढे आलेली होती. त्या धारेवर माझा गुडघा रोज घासत राहिला. मला कमरेखाली काही कळत नाही. जखम मला दिसली ती पायजम्यावर डाग पडला तेव्हा, आणि भरून यायला तीन महिने गेले. ज्यांच्या पायात जाणीव नाही त्यांची कातडी एकदा फाटली की अशीच रेंगाळते. गिझरचा किंवा सोलरचा गरम पाण्याचा पाइप गुडघ्याजवळून उघडा गेला असेल तर पाय भाजतो आणि भाजल्याचंही कळत नाही. त्यामुळे सगळ्या पाइपांना फोमची नळी चढवा. हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते.

हे माप कापून खिशात ठेवा. बेसिनची वरची कड फरशी बसल्यावर ३० ते ३३ इंच. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हेच ७५० ते ८५० मिलिमीटर असं दिलेलं आहे, आणि अमेरिकेचा नियम ३४ इंचांच्या वर जाऊ देत नाही. पुढच्या कडेखाली २७ इंच मोकळी उंची हवी, म्हणजे ३१ इंचांवर बसवलेल्या बेसिनचा काठ चार इंचांहून जाड नको. खोल बेसिन घेऊ नका, उथळ घ्या. गुडघ्यांसाठी रुंदीला अडीच फूट आणि आत निदान आठ इंच जागा, पावलांसाठी त्याच्याही आत, जमिनीपासून नऊ इंचांपर्यंत काही नको. सांडपाण्याचा पाइप पोटाखालून लगेच एल्बो मारून भिंतीकडे वळवा आणि ट्रॅप भिंतीला चिकटवा. समोर तीन बाय चार फूट मोकळी फरशी. आरसा खाली आणा, त्याची खालची कड ३९ इंचांच्या वर नको, नाहीतर दाढी करताना मला फक्त माझं कपाळ दिसतं. तोटी लिव्हरची, कोपरानं ढकलता येणारी. दाबलं की थोडंसं पाणी देऊन आपोआप बंद होणाऱ्या तोट्या पाणी वाचवतात हे खरं, पण बोटांत जोर नसलेल्या माणसाला त्या दाबताच येत नाहीत.

आणि बोल्ट! खुर्चीतून सरकताना, तोल सावरताना माणूस बेसिनचाच आधार घेतो. आपल्या गावात रोलिंग मिलची धुराडी आहेत, इथली सळई कुठं कुठं जाते. आणि त्याच गावात बेसिन दोन प्लास्टिकच्या रावळ प्लगवर लटकतं, तेही पोकळ ब्लॉकच्या भिंतीत. भिंत चढत असतानाच सळईचे दोन तुकडे काँक्रीटमध्ये घाला. शेजारी पकडायला दांडा बसवाल तर फारच बरं.

आता थोडं अवघड बोलतो. मणक्याला मार बसलेल्या बऱ्याच जणांना लघवी आपोआप होत नाही. दिवसातून चार-सहा वेळा स्वतःच्या हातानं नळी घालून ती काढावी लागते. त्याआधी हात स्वच्छ हवेत, नाहीतर जंतुसंसर्ग ठरलेला, आणि तो वारंवार झाला की किडनीवर येतं. आता विचार करा, बेसिन संडासाच्या बाहेर पॅसेजमध्ये आहे. मी हात धुतो, आणि त्याच धुतलेल्या हातांनी चाकं ढकलत आत जातो, जी चाकं सकाळपासून मामा चौकातल्या रस्त्यावरून फिरून आलीत. धुणं वाया. म्हणून आतच, भांड्यावर बसल्या जागेवरून हात पोचेल असं, छोटंसं का होईना दुसरं बेसिन किंवा निदान एक तोटी हवी. बायांना तर ही गरज आमच्याहून जास्त. त्या बोलत नाहीत, म्हणून मी बोलतोय.

सगळेच खुर्चीत असतात असंही नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला, पण त्याआधी ज्यांचे पाय गेले ती माणसं आज पस्तीस-चाळीस-पन्नाशीत आहेत आणि खेड्यातल्या घरांत हातांवर सरकत चालतात. त्यांना ३१ इंचांचं बेसिन काय कामाचं? त्यांच्यासाठी मोरीत फूट-दीड फुटावर तोटी, खरखरीत फरशी आणि उंबरठा नाही, एवढं पुरे. घरात कोण आहे ते बघून माप धरा.

"अहो, पण नळाला पाणी कुठंय?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. घाणेवाडीचा तलाव असो की जायकवाडीची पाइपलाइन, आपल्याकडे नळ कधी येईल याची वाट पाहण्यातच आयुष्य गेलं. घरोघरी टिपाडं भरलेली असतात. पण टिपाडात वाकून तांब्या बुडवणं खुर्चीतल्या माणसाला जमत नाही, आणि पाण्यासाठी त्याला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. वीस लिटरचा तोटीवाला ड्रम बेसिनच्या बाजूला साडेतीन फुटांच्या घोडीवर ठेवा, रोज सकाळी कुणीतरी भरा. दिवसभर त्याला हाक मारावी लागणार नाही. ही तर शे-पाचशे रुपयांत होणारी गोष्ट, बेसिनच्याही आधी करण्यासारखी.

कायद्याचंही सांगतो, कारण काही जणांना विनंतीपेक्षा कलम लवकर समजतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेची मानकं न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक इमारती बदलायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर भागणार नाही, बंधनकारक मानकं ठरवा. जालना आता महानगरपालिका आहे. दाखल्यावर सही करण्याआधी तिच्या इंजिनियरांनी एकदा बेसिनखाली टेप धरावा.

मतदानाच्या दिवशी शाळेत रॅम्प असतो, व्हीलचेअर असते, स्वयंसेवक हात जोडून उभा असतो. मी त्या दिवशी राजासारखा आत जातो. फक्त शाई लागलेलं बोट धुवायला जाऊ नये.

सरकारी इमारतींतली दिव्यांगांची संडासं मी बरीच पाहिली, म्हणजे त्यांची दारं पाहिली. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. एका ठिकाणी उघडून मिळालं तर आत जुन्या फायलींचे गठ्ठे होते आणि बेसिनमध्ये रंगाचा डबा.

पैसा नाही असंही नाही. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते वाटून टाकणं सोपं, भिंतीत घालणं अवघड. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारे आपल्याकडे कमी नाहीत, आम्हाला निदान नळाखाली तरी धुऊ द्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एका वाक्याचा ठराव मांडा: या वर्षीच्या ५ टक्क्यांतून गावच्या शाळेत आणि आरोग्य उपकेंद्रात खालून मोकळं असलेलं एकेक बेसिन बसवावं. सूचक म्हणून दिव्यांगाचंच नाव हवं असं काही नाही.

इंग्लंडात सेल्विन गोल्डस्मिथ नावाचा आर्किटेक्ट होता. स्वतःला पोलिओ झाला आणि त्यानं १९६३ मध्ये अपंगांसाठीच्या बांधकामावर जाडजूड ग्रंथ काढला. पुढे तो नॉर्विच शहरात खुर्चीतल्या माणसांकडे जाऊन, तुम्हाला नेमकं काय अडतं, असं विचारत फिरला. आपल्याकडे कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्या स्वतः खुर्चीत, त्यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची'. दोघांनी वेगवेगळ्या देशांत एकच दाखवलं, बांधण्याआधी वापरणाऱ्याला विचारावं. जालन्यात मला हे अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारता सांगतोय.

राजूरच्या गणपतीला, अंबडच्या मत्स्योदरीला, जांबसमर्थला येणारा भाविक आधी हातपाय धुतो. विश्वस्तांनो, भक्त निवासाचं पुढचं काम निघेल तेव्हा एक तोटी आणि एक बेसिन आमच्या मापाचं धरा. दवाखानेवाल्यांनो, तुमच्याकडे तर आम्ही नेहमीचेच. तुमच्या वेटिंगमधल्या संडासात आम्हाला एकट्यानं जाता आलं तर सोबतच्या माणसाची एक रोजी वाचते. मिस्तरी आणि नळफिटर भाऊ, मालकानं सांगितलं नसलं तरी एकदा विचारून बघा, "खाली मोकळं ठेवू का?" बहुतेक मालक हो म्हणतील, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. घरात आज खुर्ची नसेल. पण आईवडील म्हातारे होणारच आहेत, आणि समृद्धी महामार्गावर गाड्या कशा पळतात तेही आपण बघतोच.

कार्यालयमालकांनो, पहिला मुहूर्त लागायच्या आत हे करा. माप चुकेल अशी भीती वाटत असेल तर या अंकाच्या कार्यालयात माझ्यासाठी निरोप ठेवा. मी माझी खुर्ची आणि टेप घेऊन येतो, मजुरी घेणार नाही. दाराला पायऱ्या असतील तर उचलायला दोन माणसं तेवढी उभी ठेवा.