खंजिरी, कर्णा आणि पातळ पडदा

लग्न असो, भागवत सप्ताह असो, की अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराकडे निघणारी कावडयात्रा असो, दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेले म्हणजे स्पीकर चांगला, असा आपल्या वऱ्हाडात पक्का समज आहे. घरासाठी स्पीकर घेणाराही दुकानदाराला आधी विचारतो, "किती वॅटचा?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा शंकू तारेच्या गुंडाळीने ढकलला जातो. भोवती लाकडी पेटी असते, आणि तीही थोडी बोलतेच. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये पेटी नाही, शंकूही नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्यावर काही हजार व्होल्टचा भार ठेवतात आणि गाण्याचा विद्युतसंदेश पत्र्यांवर आला की तो पुढेमागे हलतो. पडदा १२ मायक्रॉनचा धरला, तर त्याचे वजन समोरच्या जेमतेम दीड सेंटिमीटर हवेइतके भरते! इतकी हलकी वस्तू चटकन हलते आणि चटकन थांबते. इंग्लंडात पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने असा स्पीकर १९५७ मध्ये विक्रीस आणला. अमेरिकेत जिम विनी यांनी १९६९ मध्ये मॅग्नेपॅन कंपनी काढून पडद्यावरच बारीक तारा चिकटवल्या आणि समोर चुंबकांच्या पट्ट्या बसवल्या. याला प्लेनर म्हणतात.

या परदेशी नवलाईशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध खंजिरीचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर भजन म्हणत. थाप पडते तो क्षण आणि मागून थरथरणाऱ्या चकत्या, यांतच त्या वाद्याचा जीव. कर्ण्यातून थाप गळून जाते आणि नुसता पत्रा वाजतो. गुरुकुंज मोझरी अमरावतीपासून हाकेच्या अंतरावर. पण आमच्या पिढीने महाराजांना ध्वनिमुद्रणातूनच ऐकले, आणि तेही बहुधा देवळावरच्या कर्ण्यातून किंवा मोबाइलमधून. महाराजांचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, त्यात महाराज किती आणि कर्णा किती?

वॅटचे म्हणाल, तर तेवढ्याच एका वॅटवर कर्णा पडद्यापेक्षा २० डेसिबलपर्यंत वरचढ ठरतो. म्हणजे तितक्याच मोठ्या आवाजासाठी पडद्याला शंभरपट वीज हवी. वॅटच्या आकड्यावरून आवाजाचा मोठेपणासुद्धा कळत नाही, मग गोडवा कुठून कळणार?

या दोहोंत वऱ्हाडासाठी निवड करायची तर मी प्लेनर निवडीन. इलेक्ट्रोस्टॅटिकला उच्च दाबासाठी विजेची वेगळी जोडणी लागते, आणि भारित पडद्याकडे धूळ ओढली जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धुळीला काय तोटा! प्लेनरला ती जोडणी लागत नाही. मात्र ॲम्प्लिफायर दमदार हवा, आणि मृदंगाची डावी बाजू त्यावर थोडी दुबळीच वाटते.

खरी अडचण पैशाइतकीच जागेची आहे. पडदा मागेही तितकाच वाजतो, म्हणून त्याला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभा करावा लागतो. १० बाय १२ च्या खोलीत पलंग, कपाट आणि धान्याची कोठी असताना तो ठेवणार कुठे? शिवाय नीट ऐकू येते ते मधल्या एका खुर्चीवर. उरलेल्यांनी काय करायचे? आपल्या घरी गाणे लागले की शेजारची काकूसुद्धा येऊन बसते! तेव्हा अशा घराने लहानशी, चांगली पेटीची जोडी घ्यावी आणि ती हळू आवाजात ऐकावी, हे मी स्पष्टच सांगतो.

पडद्याची जागा महाविद्यालयात आहे. स्नेहसंमेलनाला भाड्याने आणलेल्या स्पीकरच्या भिंतींवर तीन दिवसांत जो पैसा उडतो, तो काही वर्षे बाजूला ठेवावा आणि एका खोलीत जाड पडदे लावून प्लेनरची जोडी उभी करावी. ही श्रीमंतांची हौस आहे, असे काही प्राध्यापक म्हणतील. पण विश्वकोशाचे खंड आमच्यापैकी किती जणांच्या घरी आहेत? माझ्या घरी तर पुस्तकांचे कपाटच नाही. तरी ग्रंथालयाला कोणी हौस म्हणत नाही. मधल्या खुर्चीवर आळीपाळीने बसता येईल, वाचनकक्षात आजही आम्ही तेच करतो. नोंदवही ठेवावी, दर शनिवारी दोन तास खोली उघडावी, आणि पहिल्या शनिवारी खंजिरी लावावी.