आवाज ऐकण्याचे पैसे घ्या!



आज मालवण, कुडाळ, कणकवलीकडच्या गॅरेजवाल्यांशी जरा स्पष्ट बोलायचंय. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "क्लच दाबलो की कायतरी वाजता." आणि तुम्ही लगेच, "गिअरबॉक्स उतरवूया, प्लेट गेली असेल." माझ्या मते धंदा इथेच बुडतो.

समोरचा बहुतेक वेळा टुरिस्ट गाडीवाला असतो. मे महिन्यात तारकर्ली-देवबागच्या भाड्यांवर त्याचा हप्ता चालतो. गाडी दोन दिवस उभी राहिली, नवी प्लेट पडली आणि आवाज तसाच, तर तो परत येत नाही. स्टँडवर चार जणांना सांगतो, ते वेगळंच.

म्हणून पंधरा मिनिटं द्या. आधी इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, एकाला बॉनेटपाशी उभं करा. कुरकुर तेव्हाच आली तर पेडलची बुश, मास्टर सिलेंडरचा रॉड, फोर्कचा टेकू बघा. मग इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर शांत, तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलटं असेल, म्हणजे पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. तिथे नवी प्लेट टाकून काय होणार?

रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतं, त्यालाही लोक 'क्लचचा आवाज'च म्हणतात. तेव्हा आधी ऑइल बघा. डॉट ३, डॉट ४ हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा! सिलेंडर आतून गंजतो, सील खराब होतं, ऑइल गळतं, पाइपात हवा शिरते, क्लच पूर्ण सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची ऑइलची टाकी एकच असते. पातळी खाली गेलेली गाडी तशीच आंबोली घाटात पाठवू नका. (आणि त्यात इंजिन ऑइल ओतणाऱ्याला गॅरेजमध्ये ठेवू नका. रबराचं सील फुगून जातं.)

स्लेव्ह सिलेंडर बाहेर आहे की गिअरबॉक्सच्या आत, तेही भाव सांगण्याआधी बघा. बाहेरचा असेल तर गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. आतला असेल तर मजुरी कितीतरी वाढते.

आता पैशाचं. "नुसतं बघायचे पैसे आमच्याकडे कोण देणार?" हे मला दर बॅचमध्ये ऐकायला मिळतं. अहो, डॉक्टर नुसता स्टेथोस्कोप लावतो तेव्हा आपण फी देतोच ना? दोनशे-तीनशे रुपये तपासणी आधीच सांगा, बिलात वेगळी लिहा. काम तुमच्याकडेच झालं तर हवी तर वजा करा. पण फुकट बघितलंत, की खर्च काढायला गिअरबॉक्स खोलायचा मोह होतोच. आणि गिऱ्हाइकाला पेडलवर बसवून तो आवाज स्वतः ऐकू द्या, मग भाव सांगा.