बीहडातला कामठीकर

‘शोले’ला १५ ऑगस्ट २०२५ रोजी पन्नास वर्षं झाली आणि गब्बरचं कौतुक पुन्हा सगळीकडे झालं. भिंडच्या ज्या गब्बरसिंगावरून त्या खलनायकाचं नाव पडलं, तो पोलिसांना खबर दिल्याच्या संशयावरून गावकऱ्यांची नाकं कापत असे. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी उपअधीक्षक आर. पी. मोदी यांच्या तुकडीने त्याला भिंड जिल्ह्यात गाठलं आणि चकमकीत तो मारला गेला. ग्वाल्हेरात, आमच्या हरिशंकरपुरममध्येसुद्धा, गब्बरचे संवाद पोरांना पाठ आहेत. मोदींचं नाव विचारलं तर जाणती माणसंही गप्प होतात.

या मोहिमेमागचा माणूस तर आपल्या मुलखातला. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी १९१६ साली नागपूरजवळच्या कामठीत जन्मले. नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळून १९५८मध्ये ते मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळेच्या पाण्याने मैलोन्‌मैल कोरलेल्या घळींत, म्हणजे बीहडात, अख्खी टोळी चार पावलांवर दिसेनाशी होते. नदी ओलांडली की राज्य बदलतं आणि पोलीसही बदलतात. तिथे बंदुकीपेक्षा मोठं हत्यार म्हणजे गावातून आलेली खबर, आणि तिची किंमत खबर देणाराच मोजत होता. अमृतलाल, रूपा, लाखन आणि गब्बर यांच्या टोळ्या रुस्तमजींच्या काळात संपल्या, त्या अशा लोकांच्या जोरावर.

मे १९६०मध्ये विनोबा याच बीहडात पायी फिरले आणि वीसेक डाकू त्यांना शरण आले. अशा शरणागतीने पोलिसांचं मनोबल खचतं, डाकूंचा उदोउदो होतो, असं रुस्तमजींनी उघडपणे सांगितलं आणि टीकेचं मोहोळ अंगावर घेतलं. गागोद्याच्या विनोबांवर आपली श्रद्धा आहे. निःशस्त्र माणसाने त्या मुलखात जावं, हे धैर्य थोरच. तरीही या वादात मी रुस्तमजींच्या बाजूचा आहे. हृदयपरिवर्तनाच्या त्या कथेत नाक गमावलेल्या गावकऱ्याला जागा मिळाली नाही.

पण म्हणून रुस्तमजींना केवळ गोळीवर विश्वास असलेला अधिकारी समजू नये. १९६५मध्ये त्यांनी सीमा सुरक्षा दल उभं केलं. त्या दलाची अकादमी इथून झाशी रस्त्याने निघालं की टेकनपूरला लागते. पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम त्यानंतरचं वाटतं. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले. खटला उभाच न राहता वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं त्यांनी पाहिली. गुन्हा सिद्ध झाला असता तर झाली असती त्याहून जास्त शिक्षा काहींनी आधीच भोगली होती. जानेवारी १९७९मध्ये त्यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ते लिहिलं. त्या लेखांवरून अॅड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनआरा खातून खटला तो हाच. वेळेत खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि हजारो कच्चे कैदी सुटले. जनहित याचिकेची वाट आपल्याकडे रुळली ती इथून.

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत चंबळची मोहीम आणि बिहारचे तुरुंग या दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवाव्यात, एकाच अधिकाऱ्याचं काम म्हणून.