गृहव्यवस्था : जुने लाकूड, नवी मांडणी

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि कारखान्यालगतच्या सेक्टरांतून देशभरातील कुटुंबे नांदू लागली. मात्र क्वार्टर कारखान्याचे. निवृत्तीनंतर ते सोडावे लागते. म्हणून घर सजविताना आधी विचार करावा : यातले बरोबर काय नेता येईल?

भिंतीत कायमचे काही बसवू नये. लोखंडी ट्रंकेवर गादी व जुन्या लुगड्याची चौघडी घातली, की बैठक होते. पांघरुणे आत राहतात. मोडक्या सागवानी पलंगाच्या फळ्यांची पुस्तकांसाठी मांडणी करता येईल. आधी फळी ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला, तर ती आतून किडलेली समजावी. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. तो पाणी लावून घासावा व मुलांना दूर ठेवावे.

सेवाग्रामच्या बापूकुटीत मोजक्याच वस्तू आहेत, तरी तेथे काही उणे भासत नाही. आजोबांचा पलंग मोडीत दिला, तर चार पैसे येतील. मांडणी होऊन राहिला, तर नव्या घरीही तो नातवंडांची पुस्तके सांभाळील.